फ्रान्समध्ये स्वतंत्र गायक-गीतकार एकट्याच्या कार्यक्रमांवर पोट भरू शकतो का?

भरू शकतो, पण कागदपत्रं चोख हवीत. दोन कार्यक्रमांमधल्या रिकाम्या दिवसांचा भत्ता, म्हणजे 'अँतेर्मितां'ची सोय, मिळवायला 12 महिन्यांत 507 तास काम दाखवावं लागतं. एका कार्यक्रमाचं ठोक मानधन ('काशे') 12 तास धरतात, म्हणजे किमान 43 कार्यक्रम. बहुतेकांची गाडी अडते ती इथे: कॅफेमालकाला स्वतःच्या नावाचं बिल दिलं, की ते तास गेलेच. तिथला कायदा रंगमंचावरच्या कलाकाराला पगारदार मानतो, म्हणून पगारपत्रकच मागा. क्वचित कार्यक्रम ठेवणाऱ्या आयोजकाला ते 'ग्युसो'मार्फत, म्हणजे अशा आयोजकांसाठी कलाकाराच्या पगाराची कागदपत्रं एकाच ठिकाणी उरकणाऱ्या सरकारी सेवेमार्फत, सहज करता येतं. गाणी स्वतःची असतील तर 'सासेम'चं, म्हणजे गीतकार-संगीतकारांसाठी रॉयल्टी गोळा करून वाटणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व घ्याच आणि कार्यक्रमानंतर गाण्यांची यादी तिथे पोचली का, तेही तपासा. ती रॉयल्टी मात्र 507 तासांत धरत नाहीत.