युरोपात घेतलेला माणूस काढताच येत नाही, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा: पुण्यातली तुमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी जर्मनीत किंवा नेदरलँड्समध्ये चार-पाच माणसं घेणार आहे, आणि ‘तिकडे एकदा घेतलेला माणूस काढता येत नाही, लगेच कोर्टात खेचतो’ असं कुणीतरी तुमच्या मनात भरवलंय. मी दहा वर्षं एका पुण्याच्याच कंपनीच्या जर्मन शाखेत एचआर सांभाळते आहे. माणूस काढता येतो. घाईघाईत आणि आपल्याकडच्या सवयीने मात्र काढता येत नाही.

२०१८ साली आमच्याकडे एक टेस्ट इंजिनियर १ एप्रिलला रुजू झाला. जर्मनीत पहिल्या सहा महिन्यांत काढताना सहसा कारण सिद्ध करावं लागत नाही आणि प्रोबेशन ठरलेलं असेल तर दोन आठवड्यांची नोटीस पुरते. सहा महिने उलटले आणि शाखेत दहापेक्षा जास्त माणसं असली, की कोर्टाला पटेल असं कारण लागतं. आमच्याकडे चौदा होती. पुण्याच्या साहेबांनी २८ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी, पत्रावर सही केली, स्कॅन करून ईमेलने पाठवलं आणि मूळ कागद कुरियरला दिला. इथे नोटीस कागदावर आणि पेनाने केलेल्या सहीचीच लागते, ईमेल धरतच नाहीत. तारीखही धरतात ती पत्र पोचल्याची, लिहिल्याची नव्हे. मध्ये शनिवार-रविवार आला, ३ ऑक्टोबरची राष्ट्रीय सुट्टी आली आणि पाकीट पोचलं ४ तारखेला. सहा महिने ३० सप्टेंबरलाच संपले होते.

नोटीस मिळाल्यापासून तीन आठवड्यांत कामगार न्यायालयात दावा लावायचा असतो, तो त्याने लावला. पहिली तारीख तडजोडीची असते, तिला ग्यूटेटर्मिन म्हणतात. न्यायाधीशबाईंनी रुजू झाल्याची तारीख पाहिली, पोच पाहिली आणि आमच्या वकिलांना विचारलं, ‘कारण काय?’ आमच्या फायलीत एक ओळसुद्धा नव्हती. वीस मिनिटांत तीन पगार आणि चांगल्या शेऱ्याचं प्रशस्तिपत्र यावर मिटलं. या पहिल्या पायरीवर जिंको वा हरो, वकिलाचा खर्च ज्याचा त्याने करायचा असतो, तोही अंगावर आला. मला पैशांपेक्षा दुसरीच गोष्ट लागली: सहा महिन्यांत त्या मुलाला समोर बसवून, ‘इथे तू कमी पडतोस’ असं आमच्यापैकी एकानेही सांगितलं नव्हतं. दावा लावला यात त्याचं काहीच चुकलं नाही.

‘युरोपचा कायदा’ म्हणून एकच कायदा आहे हा समजही सोडा. युरोपीय संघ किमान पातळी ठरवतो: सरासरी आठवड्याला जास्तीत जास्त ४८ तास काम, वर्षाला चार आठवडे भरपगारी रजा, दोन पाळ्यांमध्ये ११ तास विश्रांती. माणूस काढायचे नियम मात्र ज्या त्या देशाचे. स्पेनमध्ये गैरवाजवी ठरलेल्या बडतर्फीला वर्षामागे ३३ दिवसांचा पगार, कमाल २४ महिने. फ्रान्सने २०१७ मध्ये अशा भरपाईला नोकरीच्या वर्षांप्रमाणे कमाल मर्यादा घातली, ती जास्तीत जास्त २० महिन्यांच्या पगारापर्यंत जाते. छळ किंवा भेदभाव सिद्ध झाला तर ती मर्यादा लागू होत नाही, आणि ते योग्यच आहे. ब्रिटनने २०१३ मध्ये दाव्यांवर फी बसवली, दावे धाडकन उतरले, आणि २०१७ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती फी बेकायदा ठरवली. मालकांना दिलासा हवा असेल तर तो फ्रान्ससारखा, आकडा आधी कळेल असा असावा. माणसाला कोर्टाच्या दारातच अडवणं मला पटत नाही.

नेदरलँड्स निवडणार असाल तर बडतर्फीपेक्षा आजारपणाचा हिशोब आधी करा. माणूस आजारी पडला तर दोन वर्षं किमान ७० टक्के पगार मालकाने द्यायचा. आजार कोणता, हे तुम्ही विचारायचंही नाही. ते कंपनीने नेमलेला डॉक्टर बघतो. चार माणसांच्या ऑफिसात एक जण असा दीर्घ आजारी पडला तर वर्षाचं बजेट कोलमडतं, म्हणून तिथले छोटे मालक यासाठी वेगळा विमा काढतात. तुम्हीही पहिला माणूस घ्यायच्या आधीच त्याचे दर मागवा.

आम्ही आता काय करतो ते सांगते. रुजू झाल्यावर तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यात समोरासमोर बसतो, बोलणं लिहून ठेवतो आणि एक प्रत त्या माणसालाही देतो. नोटिशीवर सही करायचा अधिकार असलेली व्यक्ती जर्मनीतच असते. पत्र द्यायची वेळ आलीच तर ऑफिसातला एक जण मजकूर वाचतो, आपल्या डोळ्यांदेखत पाकिटात घालतो, त्या माणसाच्या घरी जाऊन टपालपेटीत टाकतो आणि तारीख-वेळ लिहून खाली सही करतो. गेल्या पाच वर्षांत असं दोनदाच करावं लागलं, आणि दोन्ही वेळा त्या माणसाला ते आधीपासून माहीत होतं.