आदिमानव गुहांमध्ये चित्रं का काढायचा?

तुम्ही विचारलंय की, पोटामागे धावणाऱ्या माणसाला चित्रं काढायला कसं सुचलं? शिकार मिळावी म्हणून केलेला तोडगा, की नुसता वेळ घालवणं?

मीही आधी तोडगाच समजत होतो. भोपाळजवळचं भीमबेटका पाहिलं आणि मत बदललं. १९५७ साली पुरातत्त्वज्ञ विष्णू श्रीधर वाकणकरांना रेल्वेतून जाताना तिथले कातळ दिसले आणि ही चित्रं जगापुढे आली. तिथल्या ‘झू रॉक’ नावाच्या कातळावर हत्ती, गवे, बारशिंगे आहेत. त्यांच्यातच, काही ठिकाणी थेट त्यांच्या अंगावरून, फार पुढच्या काळातल्या लोकांनी घोडेस्वार काढलेत. खालचं चित्र पुसलेलं नाही, टाळलेलंही नाही. नुसतं बघण्यासाठी जपायचं असतं तर असं कुणी केलं असतं का? मला वाटतं, त्या जागी येऊन चित्र काढणं हेच महत्त्वाचं होतं.

वारली लग्नातला चौक आठवा. सुवासिनी तो भिंतीवर लिहितात, पालघट देवी त्यात बसते, आणि त्याशिवाय लग्न लागत नाही. वारली ही आजची माणसं आहेत, त्यांना आदिमानवाच्या रांगेत बसवू नका. पण चित्र म्हणजे शोभाच असं नाही, तो विधीही असतो, हे आपल्याला घरबसल्या कळतं.

शिकारीचा तर्क फ्रान्समधल्या लास्को गुहेत अडतो. ही चित्रं साधारण १७ हजार वर्षांपूर्वीची. तिथे सापडलेली खाल्लेल्या प्राण्यांची हाडं बहुतेक रेनडिअरची आहेत, भिंतींवर मात्र घोडे आणि रानबैल. रेनडिअर जेमतेम एक! म्हणजे जे खात होते ते काढत नव्हते. शिवाय आत सूर्यप्रकाश नाही. दगडी दिव्यात चरबी जाळून काम चालायचं. वेळ घालवायला कुणी एवढा खटाटोप करत नाही.

अर्थात सगळीकडे कारण एकच नसणार. भीमबेटकाचे कातळाखालचे आश्रय उघडे, राहते होते, लास्को अंधारी.

मला सगळ्यात जास्त हलवून जाते ती फ्रान्समधलीच रूफिन्याक गुहा. तिच्या छतावरच्या मऊ थरात बोटांनी ओढलेल्या रेघा आहेत. बोटांच्या रुंदीवरून त्यातल्या काही अगदी लहान मुलांच्या ठरल्या. छत त्यांच्या हाताला पोचणारं नाही. त्या अंधारात कुणीतरी पोराला उचलून वर धरलं होतं.