'नर्मदा' की 'मायरा'? बारसं अडलंय

ताई, आम्ही मुलुंडला राहतो. लेक महिन्याची झाली, पण नावावरून एकमत होत नाही म्हणून बारसं पुढे ढकललंय. मला 'मायरा' आवडतं. ॲपवर 'संस्कृत, अर्थ प्रिय' असं दिलंय. सासूबाईंना त्यांच्या सासूचं, नर्मदाआजींचं नाव हवंय. लग्नात सासूबाईंचं नाव बदललं होतं, पण आजी त्यांना शेवटपर्यंत माहेरच्या नावानं हाक मारायच्या. गुरुजींनी अक्षर काढलंय 'ण'! नणंद म्हणते, कानात नाव मी सांगणार, तर माझंही ऐका. दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे. मुदत टळेल का? आणि 'नर्मदा' म्हटल्यावर शाळेत मुलं हसतील ना?
– एक आई

प्रिय मैत्रिणी,

आधी दाखल्याची काळजी सोड. 21 दिवसांची मुदत जन्माच्या नोंदीची असते, आणि तुझ्या लेकीची नोंद झालेली आहे. नाव 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क घालता येतं, त्यानंतरही विलंब शुल्क भरून 15 वर्षांपर्यंत. महापालिकेच्या टी वॉर्डाच्या ऑफिसात चौकशी कर. मात्र एकदा चढलेलं नाव बदलायचं म्हणजे भारी कटकट, तेव्हा घाईघाईत काहीतरी लिहून मोकळे होऊ नका.

'ण' हे हस्त नक्षत्राच्या तिसऱ्या चरणाचं अक्षर. 27 नक्षत्रांच्या 108 चरणांना एकेक अक्षर दिलेलं असतं, त्यात ङ, ञ, ण हेही येतात. त्यांवरून नाव ठेवणार तरी कसं? म्हणून लोक त्याच राशीतलं दुसरं अक्षर घेतात, हस्ताच्या कन्या राशीला 'प' चालतं. किंवा राशीचं नाव पत्रिकेपुरतं आणि हाक मारायचं वेगळं. हे पूर्वापार चालत आलंय, गुरुजीही नाही म्हणणार नाहीत.

आता मायरा. हे नाव संस्कृत नाही. फल्क ग्रेव्हिल या इंग्रज कवीनं सुमारे चारशे वर्षांपूर्वी आपल्या प्रेमकवितांसाठी ते घडवलं. राजस्थानात मायरा म्हणजे भाचरांच्या लग्नात मामानं आणलेला आहेर. बाहेरून आलं म्हणून नाव वाईट ठरत नाही. 1973 साली मुंबईत जन्मलेल्या आपल्या मुलाचं नाव रमेश तेंडुलकरांनी बंगाली संगीतकार सचिन देव बर्मन यांच्यावरून ठेवलं, आज ते कुणाला परकं वाटतं? पण त्यामागे बापाची खरी आवड होती. तुला मायरा कानाला गोड लागतं, एवढं कारण पुरे आहे. ॲपवरच्या अर्थाचा आधार घेऊ नको. लेक मोठी झाली की स्वतः शोधेल.

शाळेत हसण्याचं म्हणशील, तर आपल्याला जुनाट वाटतात ती आई-मावशीच्या वयाची नावं. गोदावरी, द्वारका, यमुना मागे पडल्या, मग कुसुम-मालती आल्या, मग स्मिता-वैशाली, मग स्नेहा-पूजा. पणजीच्या पिढीला नावानं हाक मारणारं कुणी उरलेलं नसतं, म्हणून तीच नावं पुन्हा ताजी वाटायला लागतात. आज बालवाडीत रमा, मुक्ता, अहिल्या भेटतात त्या अशाच. तुझ्या लेकीच्या वर्गातल्या मुलांना 'नर्मदा' हे फक्त एक नवं नाव असेल.

पण तुझ्या पत्रात मी थांबले ती सासूबाईंपाशी. ताटात तांदूळ पसरतात, नवरा अंगठीनं त्यात नवं नाव लिहितो, आणि जन्मभर ज्या हाकेला 'ओ' दिली ती त्या दिवशी बंद होते. परक्या घरात एकच बाई त्यांना जुन्या नावानं हाक मारत राहिली. त्या बाईचं नाव पुसलं जाऊ नये, एवढंच त्या मागतायत. याला हट्ट म्हणू नको गं. दुपारी बाळाला त्यांच्या मांडीवर दे आणि आजींबद्दल विचार. बारशाचा विषय त्या दिवशी काढूच नको.

माझं मत विचारशील तर 'रेवा' बघ. अमरकोश या जुन्या संस्कृत शब्दकोशात नर्मदेची चार नावं दिली आहेत, त्यातलं पहिलंच रेवा. छोटं आहे, आजचं वाटतं आणि आजींचंही आहे. किंवा पाळण्यातलं नाव नर्मदा ठेवा आणि दाखल्यावर दुसरं; बारशाला एकाहून जास्त नावं ठेवतातच की. नणंदेला सांग, कानात नाव सांगायचा मान तुमचाच, निवड मात्र आई-बाबांची. एवढं करूनही मायराच मनात राहिलं, तर बेलाशक ठेव. फक्त सासूबाईंना ते तुझ्या तोंडून आधी कळू दे, पाळण्याभोवती पाहुणे जमल्यावर नको.

आणखी एक. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. लेकीच्या नावाला लागून तुझं नाव येणार आहे. दोन्ही एकत्र मोठ्यानं म्हणून बघ, कानाला कसं लागतं ते कळेल.

तुझ्या एवढ्या पत्रात नवऱ्याचं मत मात्र कुठेच नाही. बायको आणि आई यांच्यामध्ये तो गप्प बसला असेल, तर आज रात्रीच त्याला विचार.

– तुझी ताई