वायफाय शेजारी जाऊ नये म्हणून काय करावं

सिडकोतल्या रो-हाउसची भिंत दोन घरांत एकच असते, त्यामुळे सिग्नल शेजारी जाणारच. तो पूर्ण अडवायच्या नादी लागू नका. आधी आत कोण शिरतं ते बघा.

राउटरच्या खाली स्टिकर असतो. त्यावरचा पत्ता (बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१) ब्राउझरमध्ये टाका आणि पहिल्यांदा अॅडमिनचा पासवर्ड बदला. तो वायफायच्या पासवर्डपेक्षा वेगळा असतो, नेमका तोच राहून जातो. सिक्युरिटी डब्ल्यूपीए३ (वायफायच्या सुरक्षेची नवी पद्धत) ठेवा. जुना टीव्ही जोडला जात नसेल तर डब्ल्यूपीए२-एईएस (तिच्या आधीची). डब्ल्यूपीएस (बटण दाबून किंवा पिन टाकून उपकरण जोडायची सोय) बंद करा, त्याचा आठ आकडी पिन फोडता येतो. पाहुण्यांना गेस्ट नेटवर्क द्या.

आता रेंज. राउटर सामाईक भिंतीपासून काढून घराच्या मध्यावर आणा. मग ट्रान्समिट पॉवर ‘लो’ करा. पॉवर निम्मी केली तरी सिग्नल ३ डीबीनेच (डेसिबल) उतरतो, म्हणून एकदम चमत्काराची अपेक्षा नको. राउटरच्या दोन बँडपैकी ५ गिगाहर्ट्झचा भिंतीत जास्त अडतो, २.४ चा बंद केलात तर गळती बरीच कमी होईल, पण स्वस्तातले स्मार्ट बल्ब आणि कॅमेरे बहुतेक २.४ वरच चालतात, ते गप्प होतील. एक-एक बदल करून गच्चीत आणि गेटपाशी फोनवर सिग्नल मोजा. उणे ८० डीबीएमच्या (सिग्नलच्या ताकदीचं एकक) खाली गेलं की जोडणी डळमळते.

नेटवर्कचं नाव लपवून काही साधत नाही. मॅक फिल्टरही (ठरावीक उपकरणांचेच मॅक पत्ते, म्हणजे ओळख क्रमांक, आत घेणारी सोय) कुचकामीच: अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक नेटवर्कला वेगळा, बनावट पत्ता दाखवतात, त्यात घरचेच लोक बाहेर अडकतात.