शब्दशंका : प्रावीण्य, वकूब, निष्णात

प्रश्न : शाळेच्या बक्षीस समारंभाची प्रमाणपत्रं छापायची आहेत. मसुद्यात ‘चित्रकलेतील प्राविण्यता’ असं आहे. बरोबर आहे का? त्याऐवजी ‘कौशल्य’ किंवा ‘प्रतिभा’ चालेल का?

उत्तर : छापायला देऊ नका, एका शब्दात दोन चुका आहेत. मूळ शब्द ‘प्रवीण’, म्हणून ‘वी’ दीर्घ. शिवाय भाववाचक नाम करताना ‘य’ किंवा ‘ता’ यांतला एकच प्रत्यय लागतो : प्रावीण्य किंवा प्रवीणता. ‘नैपुण्यता’ आणि ‘सौजन्यता’ही याच कारणाने चूक. ‘कौशल’ आणि ‘कौशल्य’ मात्र दोन्ही शुद्ध.

शब्द निवडताना क्रियापद जोडून पाहा. कौशल्य कमावतात, प्रावीण्य मिळवतात, क्षमता वाढवतात, हातोटी साधते. ‘प्रतिभा मिळवली’ असं कुणी म्हणत नाही. ती लाभलेली असते. पात्रता तर आपल्या हातातच नसते. वय, शिक्षण, अनुभव यांच्या अटी दुसरा कुणी घालतो, आपण त्यांत बसतो किंवा नाही. स्पर्धेत नंबर काढलेल्या मुलाला म्हणून ‘प्रावीण्य’च शोभेल. ‘प्रतिभा’ नकोच. नवनवे उन्मेष दाखवणारी प्रज्ञा ती प्रतिभा, अशी संस्कृत काव्यशास्त्रकार भट्टतौताची व्याख्या आहे. डोंगरामागून उगवणाऱ्या सूर्याच्या चित्रावर एवढा भार कशाला?

प्रश्न : ‘वकूब’ नेहमी हिणवायलाच का वापरतात?

उत्तर : नेहमी नाही. मूळ अरबी शब्दाचा अर्थ जाण, माहिती. ‘वाकबगार’ त्याच कुळातला आणि निखळ कौतुकाचा. मराठीत ‘वकूब’ मात्र कुवतीची हद्द सांगू लागला, त्यामुळे कोण कुणाबद्दल बोलतं यावर सगळं अवलंबून. ‘माझ्या वकुबाप्रमाणे केलं’ यात नम्रता आहे. ‘त्याचा वकूबच तेवढा’ यात हेटाळणी. (सामान्यरूपात ‘कु’ ऱ्हस्व होतो, तेवढं सांभाळा.) ‘सराईत’चंही असंच काहीसं. हात सराईत असला तर वाखाणणी, माणूस सराईत म्हटला की पोलीस ठाणं आठवतं.

प्रश्न : ‘निष्णात’मध्ये ‘ष’ कुठून आला?

उत्तर : धातू ‘स्ना’, म्हणजे न्हाणे. विद्येत न्हाऊन निघालेला तो निष्णात. कौशल्याचा अर्थ असेल तरच इथे ‘स’चा ‘ष’ होतो, असं पाणिनीचं सूत्र आहे. नुसत्या न्हाण्याला ‘निस्नात’च. त्याच सूत्राने नदीत उतरण्यात तरबेज असलेला ‘नदीष्ण’ होतो. तो शब्द मराठीत रुळला नाही.