मुक्त विद्यापीठातून कॅम्पसवर येताना

घरबसल्या मुक्त विद्यापीठातून बी.ए. करून तू आता संभाजीनगरच्या विद्यापीठात एम.ए.ला आलीस, म्हणून सांगते. मीही तशीच आले होते. तास सुटला की थेट होस्टेलची खोली गाठायचे. तू तसं करू नकोस. आधी एनएसएसला, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेला, नाव दे. दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात, शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर. त्या शिबिरात गावाच्या पारावर पाणी साठवण्यावर बोलताना माझा आवाजच फुटेना. समोरची आजी म्हणाली, "मोठ्यानं बोल बाई, आमाला ऐकायचंय." त्या दिवशी माझी भीड चेपली. युवक महोत्सवात स्टेजवर जमत नसेल तर पडद्यामागचं काम घे. पण सेमिस्टरच्या परीक्षेच्या तोंडावर नवं काही अंगावर घेऊ नकोस. नोंदणी याच आठवड्यात कर, मी येते सोबत.