परदेशी पदवीसाठी कर्ज किती घ्यावं?

प्रश्न : वय २६, तीन वर्षं नोकरी झाली. डेटा सायन्सच्या मास्टर्सला दोन ठिकाणी प्रवेश मिळालाय. एक ब्रिटनमध्ये, एक वर्षाचा. दुसरा जर्मनीच्या सरकारी विद्यापीठात, दोन वर्षांचा. ब्रिटनला जायचं तर मोठं कर्ज काढावं लागेल, शिवाय बाबा निवृत्तीची ठेव मोडायला तयार आहेत. एक वर्ष वाचतं म्हणून माझा कल तिकडे आहे.

उत्तर : आधी ठेवीचं. ती मोडू नका. कमाईची तीस-पस्तीस वर्षं तुमच्यापुढे आहेत, बाबांपुढे नाहीत. हा मुद्दा माझ्या लेखी चर्चेचा नाहीच.

आता कर्ज. १०० एकदम उचलले, चक्रवाढ व्याज वर्षाला १० टक्के, आणि शिक्षण व नोकरीचा शोध धरून तीन वर्षं काहीच भरलं नाही, तर ते १३३ होतात. पुढे दहा वर्षं हप्ते भरलेत की एकूण २११ जातात. पण मला आकड्यापेक्षा त्या हप्त्याची भीती जास्त वाटते. परदेशात राहून माणूस घडतो तो अनोळखी शहरात एकट्यानं निभावण्यातून, निराळ्या पद्धतीनं काम करणाऱ्यांच्या सहवासातून आणि पदवीनंतरच्या दोन-तीन वर्षांत कुठलं काम निवडतो त्यावरून. डोक्यावर मोठा हप्ता असला की ही निवडच हातातून जाते. मिळेल ती नोकरी धरावी लागते. शिकण्यासारखं काम कमी पगाराचं म्हणून सोडलेली मुलं मी पाहिली आहेत, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून माझी कसोटी अशी : परत यावं लागलं, तर इथल्या पगारात हप्ता झेपेल इतकंच कर्ज घ्या. तिथल्या पगाराचा हिशेब मांडू नका.

या कसोटीवर मला जर्मनी बरं वाटतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणशुल्क नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्यात मात्र युरोपीय संघाबाहेरच्यांना सत्राला १,५०० युरो पडतात, तेव्हा तुमचं विद्यापीठ कुठल्या राज्यात आहे ते पाहा. व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या खात्यात, वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात. ते खर्च झालेले नसतात, महिन्याला ९९२ असे तुम्हालाच मिळतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. ब्रिटनचा ग्रॅज्युएट व्हिसा, म्हणजे पदवीनंतर तिथं राहून नोकरी करायची परवानगी, आज दोन वर्षांचा आहे, पण १ जानेवारी २०२७पासून अर्ज करणाऱ्या मास्टर्सवाल्यांना तोही १८ महिन्यांचाच मिळेल.

जर्मनीत एका वर्षाचा पगार जास्त बुडेल हे खरं, तो खर्चात धरा. जर्मन भाषा आजपासून सुरू करा. वर्ग इंग्रजीत असले तरी बऱ्याच नोकऱ्या जर्मन मागतात.

ब्रिटनच हवं असेल, तर वर्षभर थांबून ब्रिटन सरकारच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज करा. दोन वर्षांच्या अनुभवाची अट तुम्ही पुरी करता. मात्र शिक्षणानंतर किमान दोन वर्षांसाठी मायदेशी परतावं लागतं.

कर्ज घेतलंत, तर शिकत असतानाच व्याज भरायची सोय आहे का, हे बँकेला सही करण्याआधी विचारा. तेवढं भरत राहिलात तर हप्ते सुरू होताना १००चे १००च असतील.